लॉज-भवनांतील ऐतिहासिक पाइप ऑर्गन : नाद, विधी आणि जतनाची कसोटी

प्रस्तावना

पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात पाइप ऑर्गन या वाद्याची चर्चा प्रामुख्याने तीन स्थळांच्या संदर्भात केली जाते : चर्च, नगरसभागृह आणि मूकपटांच्या काळातील चित्रपटगृह. या तिन्हींखेरीज आणखी एक स्थळ आहे, आणि त्याकडे संगीतसमीक्षेचे लक्ष त्या मानाने कमीच गेले आहे. ते स्थळ म्हणजे फ्रीमेसन व तत्सम बंधुसंघांची लॉज-भवने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९२९ च्या आर्थिक मंदीपर्यंतच्या काळात, विशेषतः अमेरिकेत, मोठ्या लॉज-भवनांतून पाइप ऑर्गन बसविण्याची प्रथा चांगलीच रूढ झाली होती. स्किनर, ऑस्टिन, किंबॉल यांसारख्या अग्रगण्य निर्मात्यांनी ही वाद्ये घडविली. इंग्लंडमध्ये हेन्री विलिस या नामांकित घराण्याचे नाव या परंपरेशी जोडले गेले.

या वाद्यांविषयी आज जे लेखन होते, ते बहुधा दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात निर्माता, नळ्यांची संख्या, पट्ट्यांच्या रांगा व दुरुस्तीची वर्षे यांची नोंद असते. दुसऱ्या प्रकारात गूढ वास्तू, बंद दरवाजे आणि त्यामागील गंभीर सूर यांचे भारावलेले वर्णन असते. पहिले लेखन वाद्याकडे वस्तू म्हणून पाहते, तर दुसरे त्याभोवती धुके निर्माण करते. हे वाद्य तेथे नेमके कोणते काम करीत होते, हा मूलभूत प्रश्न दोहोंतही मागे पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे लॉजमधील ऑर्गनच्या मूल्यमापनाची व जतनाची चिकित्सा केली आहे. लॉजच्या ऑर्गनचे वेगळेपण त्याच्या नादापेक्षा त्याच्या विनियोगात आहे, आणि म्हणून त्याच्या जतनाची कसोटीही विनियोगावरच आधारलेली असली पाहिजे, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

संज्ञांचा उलगडा

'ऑर्गन' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. संगीत नाटकाच्या परंपरेत रंगमंचासमोर बसून पायांनी भाता चालवत वाजविला जाणारा ऑर्गन पिढ्यान्‌पिढ्या ऐकला गेला आहे. तथापि ते वाद्य हार्मोनियमच्या कुळातील आहे. त्यात हवेच्या प्रवाहाने धातूची रीड कंप पावते आणि स्वर उमटतो. पाइप ऑर्गनची रचना मुळातच भिन्न आहे. त्यात प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्र नळी असते आणि प्रत्येक नादप्रकारासाठी नळ्यांची स्वतंत्र ओळ असते. बासरीसारखा, तंतुवाद्यासारखा, तुतारीसारखा असा एकेक नाद 'स्टॉप' नावाच्या खटक्याने चालू अथवा बंद करता येतो. सर्वांत खालचा स्वर देणारी नळी सोळा फूट, आणि भव्य वाद्यांत बत्तीस फूट लांबीचीही असते. नळ्यांच्या काही ओळी झडपांच्या खोलीत बंद केलेल्या असतात. पायाने झडपा उघडमीट करून वादक नाद लहानमोठा करतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्युत-वायवी यंत्रणा प्रचारात आली. पट्टी दाबताच विजेचा संकेत जातो, आणि नळीखालील झडप हवेच्या दाबाने उघडते. त्यामुळे वादकाचे आसन व नळ्या यांना जोडणारे लाकडी दांडे अनावश्यक ठरले. वादक एका जागी आणि नळ्या दुसऱ्या टोकाला, भिंतीआड किंवा छताजवळच्या कोठड्यांत, अशी मांडणी शक्य झाली. लॉजमधील ऑर्गनच्या इतिहासात या तांत्रिक बदलाला मध्यवर्ती स्थान आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

'लॉज' ही संज्ञा बंधुसंघाच्या स्थानिक शाखेला आणि तिच्या सभागृहालाही लावली जाते. फ्रीमेसन संघाच्या पहिल्या ग्रँड लॉजची लंडनमधील स्थापना परंपरेने १७१७ मध्ये मानली जाते. अलीकडील संशोधनात ती १७२१ कडे नेणारे मतही मांडले गेले आहे. दीक्षेच्या पायऱ्या, सांकेतिक अवजारे, शपथ आणि विधी यांवर या संघाची उभारणी झाली. मुंबईच्या फोर्ट भागातील फ्रीमेसन्स हॉलमुळे हे नाव महाराष्ट्रातही परिचित आहे. 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे एतद्देशीय सभासदांसाठी काढलेले लॉज मुंबईत १८४३ मध्ये स्थापन झाले आणि माणेकजी कर्सेटजी हे त्याच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते. अमेरिकेत फ्रीमेसन संघाला जोडून 'स्कॉटिश राइट' व 'श्राइनर्स' ही मंडळे वाढली. 'ऑड फेलोज', 'एल्क्स' इत्यादी स्वतंत्र बंधुसंघही तेथे मोठ्या प्रमाणावर पसरले.

लॉजमधील संगीताची पूर्वपीठिका

लॉजमध्ये संगीत आले ते प्रथम कंठातून. जेम्स अँडरसन यांनी सिद्ध केलेली फ्रीमेसनांची घटना १७२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या शेवटी समूहाने गावयाची गीते छापली होती. भोजनोत्तर मेजाभोवती बसून ही गीते गायिली जात. वाद्याची गरज साथीपुरती होती.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या साथीला औपचारिक स्थान मिळू लागले. व्हिएन्ना येथे मोझार्ट १४ डिसेंबर १७८४ रोजी फ्रीमेसन झाला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस सम्राट दुसरा जोसेफ याच्या आज्ञेने शहरातील लॉजेस एकत्रित करण्यात आली आणि 'नवमुकुटित आशा' अशा अर्थाच्या नावाचे नवे लॉज अस्तित्वात आले. त्याच्या कामकाजाच्या आरंभी व शेवटी गाण्यासाठी मोझार्टने जानेवारी १७८६ च्या सुमारास दोन गीते रचली. त्यांत एकल आवाज, पुरुषांचा वृंद आणि ऑर्गनची साथ आहे. सभा उघडणे आणि मिटणे या दोन विधिक्षणांना जोडलेले हे संगीत असल्यामुळे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आहे. मोझार्टच्या इतर मेसनिक रचनांची, उदाहरणार्थ १७८५ मधील शोकसंगीताची, चर्चा पुष्कळ होते. परंतु ऑर्गन येथे कालखंडाची सीमा आखण्याचे काम करतो, ही बाब या छोट्या गीतांतूनच अधिक स्पष्टपणे कळते.

इंग्लंडमध्ये सॅम्युएल वेस्ली या ख्यातनाम ऑर्गनवादकाची १८१२ मध्ये ग्रँड ऑर्गनिस्ट म्हणून नेमणूक झाली. २७ डिसेंबर १८१३ रोजी इंग्लंडमधील दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजेसचे एकीकरण झाले, त्या समारंभातही त्याचा सहभाग होता. वादकाला पदाधिकारी म्हणून मिळालेली ही मान्यता लक्षणीय आहे. सूत्रधार, द्वारपाल, सचिव यांच्याप्रमाणेच ऑर्गनवादकही विधीचा एक घटक ठरला.

या परंपरेतील विसाव्या शतकातील ठळक नाव सिबेलियसचे आहे. रशियन सत्तेने १८२२ मध्ये घातलेल्या बंदीनंतर फिनलंडमध्ये फ्रीमेसन संघाचे पुनरुज्जीवन १९२२ मध्ये झाले आणि हेलसिंकी येथील 'सुओमी' लॉजच्या संस्थापक सभासदांत सिबेलियस होता. त्याने तेथे वादकाचे काम केले. लॉजसाठी त्याने रचलेले विधिसंगीत १९२७ मध्ये प्रथम सादर झाले व पुढे अपस ११३ म्हणून ओळखले गेले. तेथे वाद्य होते हार्मोनियम. बत्तीस फुटी नळ्यांचा प्रश्नच नव्हता. लॉजच्या संगीताला भव्य वाद्य अपरिहार्य असते, ही समजूत या एका उदाहरणाने डळमळते. विधीला आवश्यक असते ते अखंड टिकणारा स्वर देणारे वाद्य; त्याचा आकार हा त्या संघाच्या ऐपतीचा आणि प्रतिष्ठेच्या कल्पनेचा भाग असतो.

विधीचे नाट्य आणि ऑर्गनचे काम

अमेरिकेत हे चित्र पालटले. स्कॉटिश राइटच्या चौथ्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या पायऱ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रंगमंचावर नाट्यरूपाने सादर होऊ लागल्या. पूर्वी एका उमेदवाराला खोलीतून फिरवून दीक्षा दिली जात असे. आता शेकडो उमेदवार प्रेक्षागृहात बसून समोर घडणारा प्रसंग पाहू लागले. रंगविलेले पडदे, पोशाख, प्रकाशयोजना यांसाठी शिकागोच्या 'सोसमन अँड लँडिस' सारख्या चित्रशाळा काम करीत. या विधिनाट्याच्या दृश्य अंगाचा अभ्यास १९९० च्या दशकापासून अमेरिकी विद्वानांनी गांभीर्याने केला आहे. श्राव्य अंग मात्र त्या मानाने उपेक्षितच राहिले.

या विधिनाट्यात ऑर्गनकडे कोणती कामे येतात, याचा विचार केल्यास चार गोष्टी संभवतात. एक, प्रवेश व मिरवणूक यांच्या चालीला लय देणे. दोन, पडदा बदलताना, पोशाख सावरताना पडणारी फट भरून काढणे. तीन, संवादाखाली मंद स्वर धरून भाव टिकविणे. चार, शपथ किंवा मृत्युस्मरण यांसारख्या क्षणी थांबणे, म्हणजेच शांततेला आकार देणे. यांपैकी पहिले काम चर्चमधील ऑर्गनशी मिळतेजुळते आहे, तर दुसरे व तिसरे चित्रपटगृहातील ऑर्गनशी. चौथे काम दोहोंकडेही आढळते. परंतु लॉजमध्ये ते अधिक महत्त्वाचे असते, कारण तेथील विधीचा सारा भर उमेदवाराच्या मनावर एका क्षणाचा ठसा उमटविण्यावर असतो.

'एल्क्स' संघाची अकराच्या ठोक्याची प्रथा या संदर्भात उद्‌बोधक आहे. या संघाची स्थापना १८६८ मध्ये न्यूयॉर्क येथे नट व गायक मंडळींच्या पुढाकाराने झाली. रात्री अकरा वाजता अकरा ठोके वाजवून अनुपस्थित बंधूंचे स्मरण करण्याची रीत त्यांच्यात रूढ आहे. अशा लॉजसाठी बनविलेल्या ऑर्गनमध्ये घंटानादाचा स्टॉप असेल, तर केवळ तांत्रिक यादी वाचणारा समीक्षक त्याला चित्रपटगृही करमणुकीचे लक्षण समजेल. प्रत्यक्षात तो स्टॉप मृतांच्या आठवणीसाठी असू शकतो. एकाच नादाचा अर्थ स्थळानुसार किती बदलतो, हे येथे दिसून येते.

या कामांतूनच वाद्याची अंतर्गत रचना ठरत गेली. अत्यंत मृदू स्टॉप, झडपांच्या खोल्यांतून साधलेला दीर्घ चढउतार, झटपट नादबदल आणि नळ्यांचे दृष्टिआड असणे ही तिची लक्षणे होत. वर उल्लेखिलेल्या विद्युत-वायवी यंत्रणेमुळे शेवटचे लक्षण शक्य झाले. चर्चमध्ये ऑर्गनचा नक्षीदार दर्शनी भाग हा वास्तूचा अलंकार असतो. बहुतेक लॉजमधून मात्र सूर कोठून येतो हे उमेदवाराला कळत नाही; तो जणू भिंतीतूनच झिरपतो. हा परिणाम हेतुपुरस्सर आहे. तथापि येथे एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. या लक्षणांपैकी एकही केवळ लॉजपुरते नाही. त्याच निर्मात्यांनी तेच स्टॉप चर्चला व सभागृहांनाही पुरविले. म्हणून 'मेसनिक नाद' नावाची स्वतंत्र नादपरंपरा होती, असे म्हणण्यास आधार नाही. वेगळेपण आहे ते स्थान, क्षण आणि श्रोता यांच्या मेळात.

अभिरुचीचा फेरा आणि दुर्लक्षाचा लाभ

लॉजमधील बहुसंख्य मोठी वाद्ये ज्या काळात बनली, त्याच काळात ऑर्गनविषयक अभिरुची बदलू लागली होती. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ मध्ये जर्मन व फ्रेंच ऑर्गननिर्मितीवर लिहिलेल्या निबंधापासून सुधारणावादी विचाराला चालना मिळाली. बाखच्या काळातील स्पष्ट, तेजस्वी नाद हा आदर्श मानला गेला. वाद्यवृंदाचे अनुकरण करणारा ऑर्गन ही अवनती ठरविण्यात आली. अर्नेस्ट स्किनर यांच्यासारख्या निर्मात्याने फ्रेंच हॉर्न, इंग्लिश हॉर्न आदी वाद्यांचे नाद नळ्यांतून साकारण्यात आयुष्य वेचले. त्यांच्याच वाद्यांवर पुढील पिढीने 'सुधारणा' केल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अनेक चर्चमधील ऑर्गनांचे स्टॉप बदलण्यात आले, नळ्या कापून त्यांचा स्वर चढविण्यात आला. चित्रपटगृहांतील ऑर्गनांवर १९२७ नंतर बोलपटांची कुऱ्हाड कोसळली.

लॉजमधील ऑर्गन या दोन्ही आपत्तींतून पुष्कळ अंशी वाचले, आणि ते कोणाच्या दूरदृष्टीमुळे वाचले असे नव्हे. मंदीनंतर बंधुसंघांकडे पैसा उरला नाही, आणि वाद्य बदलण्याचे कारणही नव्हते, कारण विधी तोच होता. सार्वजनिक मैफलींचे दडपण नसल्यामुळे नव्या अभिरुचीची टीकाही तेथवर पोहोचली नाही. दुर्लक्षामुळे वाद्य मूळ स्वरूपात राहिले, असा हा विरोधाभास आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत 'ऑर्गन हिस्टॉरिकल सोसायटी' स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस वाद्यवृंदी शैलीविषयीची उपेक्षा ओसरली, तेव्हा संशोधकांना लॉज-भवनांत न बदललेली वाद्ये सापडू लागली.

परंतु या पुनर्मूल्यांकनातही एक दोष शिरला. ही वाद्ये मौल्यवान ठरली ती 'स्किनरचा अस्सल नमुना' किंवा 'किंबॉलची अबाधित कृती' म्हणून. म्हणजे आधीच्या पिढीने ज्या कसोटीने त्यांना कमी लेखले, तीच निर्माताकेंद्रित कसोटी उलटी करून पुढच्या पिढीने त्यांना उंचावले. वाद्य ज्या विधीसाठी बांधले गेले तो विधी दोन्ही वेळा बाहेरच राहिला.

तीन प्रकारची भवितव्ये

या वाद्यांच्या वाट्याला आलेल्या भवितव्याचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात. जतनाची कसोटी त्यांवर तपासून पाहणे योग्य ठरेल.

पहिला प्रकार मूळ स्थळी व मूळ संस्थेकडे राहिलेल्या वाद्यांचा. इंडियानापोलिस येथील स्कॉटिश राइट कॅथीड्रल १९२७ ते १९२९ या काळात जॉर्ज श्रायबर यांच्या आराखड्यानुसार उभारले गेले. २१२ फूट उंचीचा मनोरा, त्यातील ५४ घंटांचा संच आणि तीन व तेहतीस या अंकांना धरून योजलेली मापे यांमुळे ही वास्तू प्रसिद्ध आहे. तिच्या प्रेक्षागृहात स्किनर कंपनीचा ऑर्गन असून त्यात सुमारे पाच हजार नळ्या आहेत. ओक्लाहोमा राज्यातील गथ्री येथील प्रचंड स्कॉटिश राइट मंदिरात किंबॉल कंपनीचा ऑर्गन आहे. अशा ठिकाणी वाद्य, रंगमंच, रंगविलेले पडदे व विधी यांचा संबंध तुटलेला नाही. वास्तूच्या मापात अंकांचे संकेत योजणाऱ्या संघाने नादाची योजनाही विचारपूर्वक केली असणार, हे अशा सलग परिसरातच समजू शकते. मात्र संस्थेची शक्ती हाच येथील दुबळा दुवा आहे. अमेरिकेतील फ्रीमेसन सभासदांची संख्या १९५९ च्या सुमारास चाळीस लाखांवर होती. ती आज दहा लाखांच्याही खाली आली आहे. विद्युत-वायवी यंत्रणेतील चामड्याच्या बारीक पडद्या साधारण चार ते सहा दशकांत झिजतात आणि हजारो पडद्या बदलणे हे अत्यंत खर्चाचे काम असते. हिवाळ्यात सभागृह तापविणे परवडेनासे झाले की लाकूड व चामडे यांची हानी वाढते. संस्था क्षीण होते तेव्हा ऑर्गन सर्वांत आधी मुका होतो.

दुसरा प्रकार लंडनच्या फ्रीमेसन्स हॉलचा. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ३,२२५ फ्रीमेसनांच्या स्मरणार्थ हे भवन १९२७ ते १९३३ या काळात अ‍ॅश्ली व न्यूमन या वास्तुरचनाकारांनी बांधले. आरंभी त्याचे नाव 'मेसनिक पीस मेमोरियल' असे होते. सुमारे १,७०० आसनांच्या ग्रँड टेंपलमध्ये हेन्री विलिस अँड सन्स यांनी १९३३ मध्ये हातांच्या तीन पट्टीरांगा असलेला ऑर्गन बसविला. दशकानुदशके तो प्रामुख्याने ग्रँड लॉजच्या बैठकींत वाजत राहिला. २०१४-१५ मध्ये डरहॅमच्या हॅरिसन अँड हॅरिसन या कंपनीने त्याचा जीर्णोद्धार केला आणि २०१५ मध्ये थॉमस ट्रॉटर यांच्या वादनाने त्याचे पुनरुद्घाटन झाले. त्यानंतर तेथे सर्वसामान्य श्रोत्यांसाठीही मैफली होऊ लागल्या.

या कामाची तांत्रिक गुणवत्ता निर्विवाद आहे. विलिसचा मूळ नाद राखण्यात आला आणि वाद्य पुन्हा विश्वासार्ह झाले. परंतु जीर्णोद्धाराबरोबर एक भरही पडली : पूर्वेच्या भिंतीवर सोनेरी आवरण व नव्या नळ्या बसविण्यात आल्या, जेणेकरून नाद सभागृहाच्या दूरच्या टोकापर्यंत पोहोचावा. संगीतदृष्ट्या हा निर्णय समर्थनीय आहे. दूरच्या रांगेतील श्रोत्याला स्पष्ट ऐकू यावे ही मैफलीची रास्त अपेक्षा असते. मात्र जे वाद्य मुख्यतः आडोशाला होते ते आता दर्शनी झाले. ग्रँड टेंपलमध्ये पूर्व दिशा ही ग्रँड मास्टरच्या आसनाची, म्हणजे विधीच्या केंद्राची दिशा आहे. त्या केंद्रस्थानी ऑर्गनचे रूप आल्याने वाद्य आणि विधी यांच्यातील जुने नाते बदलले. हा बदल वाईट आहे असे म्हणता येत नाही. पण तो केवळ 'जतन' या शब्दाखाली झाकला जाऊ नये. ते अंशतः नवे अर्थारोपण आहे.

तिसरा प्रकार शिकागोच्या मेदिना टेंपलचा. श्राइनर्सनी ह्यूल आणि श्मिड या वास्तुरचनाकारांकरवी १९१२ मध्ये उभारलेल्या या भवनात चार हजारांहून अधिक श्रोत्यांचे सभागृह होते. १९१५ मध्ये तेथे ऑस्टिन कंपनीने भव्य ऑर्गन बसविला. सभागृहाच्या उत्तम ध्वनिगुणामुळे शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राची अनेक ध्वनिमुद्रणे तेथे झाली. त्यांतील एक बाब विचार करायला लावणारी आहे. सेंट-साँसच्या ऑर्गन सिंफनीचे डॅनिएल बॅरेनबॉइम यांच्या संचालनाखालील ध्वनिमुद्रण १९७५ मध्ये झाले, तेव्हा वाद्यवृंद मेदिना टेंपलमध्ये वाजला; ऑर्गनचा भाग मात्र फ्रान्समधील शार्त्र कॅथीड्रलमध्ये गास्ताँ लितेझ यांनी वाजविला आणि तो नंतर जोडण्यात आला. वाद्यवृंद ज्या सभागृहात बसला होता, त्याच सभागृहाचा स्वतःचा ऑर्गन त्या ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही. या निवडीमागील व्यावहारिक कारणे काहीही असोत. लॉजची वास्तू संगीतासाठी योग्य, पण लॉजचे वाद्य मात्र चर्चच्या वाद्यापुढे दुय्यम, या तत्कालीन मूल्यश्रेणीचे प्रतिबिंब तीत पाहता येते.

पुढे श्राइनर्सनी ही वास्तू सोडली. २००१ मध्ये तिला शिकागो शहराचा संरक्षित वारसा म्हणून दर्जा मिळाला. सभागृहाची अंतर्गत रचना मात्र पूर्ण बदलली गेली, ऑर्गन काढण्यात आला आणि २००३ मध्ये तेथे गृहोपयोगी वस्तूंचे मोठे दुकान उघडले. ते २०२० मध्ये बंद पडले. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे तात्पुरते कसिनो सुरू झाले. रस्त्यावरून पाहणाऱ्याला घुमट दिसतात, कमानी दिसतात, नक्षी दिसते. वारसा वाचला असे कागदोपत्री म्हणता येते. ज्यासाठी ती वास्तू ओळखली जात होती ते ध्वनिस्थळ मात्र नाहीसे झाले. वास्तुवारशाचे नियम डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींभोवती रचलेले असल्याने कानांचा वारसा त्यांतून निसटतो, हे या उदाहरणावरून सिद्ध होते.

आक्षेपांचा विचार

विनियोगाच्या कसोटीवर काही आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला आक्षेप असा की, वाद्य शेवटी संगीतासाठी असते. विधी संपला तरी संगीत उरते. यात तथ्य आहे. देवळाच्या नगारखान्यातील सनई मैफलीत आली आणि तिचे कलामूल्य उजळले, हे सर्वज्ञात आहे. परंतु सनई नगारखान्यातून उचलून नेता येते, तिचे स्वतंत्र संगीतही विकसित झाले. पाइप ऑर्गन हा आपल्या खोलीशी बांधलेला असतो. त्याच्या नळ्यांचा आवाज त्या विशिष्ट खोलीत वाजवून, ऐकून, जुळवून निश्चित केला जातो. दुसऱ्या वास्तूत हलविल्यास नळ्या त्याच राहतात, वाद्य मात्र बदलते. त्यातही लॉजसाठी खास रचलेले, स्वतंत्रपणे टिकू शकणारे ऑर्गनसंगीत थोडेच आहे. बरेचसे वादन तत्कालस्फूर्त किंवा चर्च, नाट्यगृह व मैफल यांतून उसने घेतलेले असणार. म्हणून विधी वगळल्यास उरणाऱ्या 'शुद्ध संगीता'चा दावा येथे दुर्बळ ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या संघांनी स्त्रियांना सामान्यतः बाहेर ठेवले, अमेरिकेत कृष्णवर्णीयांना दीर्घकाळ प्रवेश नाकारला आणि त्यामुळे प्रिन्स हॉल यांच्या नावाची स्वतंत्र परंपरा १७८४ मधील सनदेपासून उभी राहिली, त्या संघांच्या विधींचे जतन कशासाठी करावयाचे? हा प्रश्न टाळता येणार नाही. भारतातही एतद्देशीयांच्या प्रवेशाचा प्रश्न वादाचा होता. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना १८७२ मध्ये दीर्घ झगड्यानंतरच प्रवेश मिळाला. मात्र विधीचा संदर्भ पुसून टाकल्याने हा इतिहास दुरुस्त होत नाही. तो अदृश्य होतो. मैफलीत वाजणारा सुंदर ऑर्गन सर्वांना खुला असतो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु तो पूर्वी कोणाला ऐकू येत नव्हता, हेही त्या मैफलीच्या श्रोत्याला कळले पाहिजे. विनियोगाची कसोटी विधीचे समर्थन करीत नाही; विधीची साक्ष जपते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. सभासद घटले, वास्तू विकावी लागली, तर नळ्या वितळविण्यापेक्षा त्या दुसरीकडे गेलेल्या काय वाईट? अर्थातच वाईट नाहीत. अशा वेळी किमान दोन गोष्टी साधता येतात. एक, वाद्य हलविण्यापूर्वी त्या खोलीतील नादाचे, तेथील प्रतिध्वनीसह, काळजीपूर्वक ध्वनिमुद्रण करणे. दोन, वादकांच्या वापरातील संकेतवह्या, खुणा केलेल्या स्वरलिपी, स्टॉपच्या जुळण्यांच्या नोंदी यांचा सांभाळ करणे. कोणत्या वाक्यानंतर स्वर सुरू करावयाचा, पडदा पडेपर्यंत किती वेळ धरावयाचा, कोठे पूर्ण थांबावयाचे, ही माहिती नळ्यांत नसते. ती अशा कागदांत आणि वृद्ध वादकांच्या स्मरणात असते. वाद्याची विक्री होते तेव्हा नळ्यांना गिऱ्हाईक मिळते, कागदांना बहुधा मिळत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. लॉजमधील ऑर्गन हा निराळ्या नादाचा प्रकार नसून निराळ्या विनियोगाचा प्रकार आहे. व्हिएन्नातील मोझार्टच्या गीतांपासून हेलसिंकीतील हार्मोनियमपर्यंत त्याचे मूळ काम विधीच्या काळाला आरंभ, आकार आणि शेवट देणे हेच राहिले. अमेरिकेतील विधिनाट्याने या कामाचा विस्तार केला आणि विद्युत-वायवी यंत्रणेने वाद्याला अदृश्य होण्याची मुभा दिली. सुधारणावादी समीक्षेने त्याला कमी लेखले, नंतरच्या समीक्षेने निर्मात्याच्या नावावर त्याला उचलून धरले. परंतु दोहोंनी ते ज्या कामासाठी होते त्याकडे पुरेसे पाहिले नाही.

म्हणून अशा वाद्याचे जतन झाले असे म्हणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल. वाद्य आपल्या खोलीत आहे काय? ते कधी वाजे आणि कधी थांबे, याची नोंद उरली आहे काय? ते कोण ऐकत असे आणि कोणाला ऐकता येत नसे, हे आजच्या श्रोत्याला सांगितले जाते काय? लंडनमध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे तेथील मैफली कशा मांडल्या जातात त्यावर अवलंबून राहतील. गथ्री व इंडियानापोलिस येथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्याची संधी आहे, कारण विधी व वाद्य अद्याप एकाच छपराखाली आहेत. सभासदांची संख्या पाहता ही संधी फार काळ राहील, असे मानता येत नाही. शिकागोमध्ये पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे, आणि तेथील संरक्षित घुमटाने ते बदलत नाही.